छातीवरचा पट्टा

धावणाऱ्याच्या छातीवर पट्टा दिसला की तो ठोके मोजतोय, असं आपण धरूनच चालतो. अलीकडे मात्र त्यातले काही पट्टे श्वास मोजतात. मिनिटाला किती, किती खोल, आणि वेग वाढवत नेला की नेमका कुठे त्याचा ताल बदलतो, हे ते पाहतात. त्यावरून सरावाचे झोन, म्हणजे किती जोर लावायचा त्याचे टप्पे, आखून मिळतात. ही कल्पना नवीकोरी म्हणून विकली जाते, पण ठोक्यांच्या पट्ट्याहून ती शंभराहून अधिक वर्षांनी जुनी आहे.

1860च्या दशकात पॅरिसमध्ये एतियेन-ज्यूल मारे नावाचा शरीरशास्त्रज्ञ माणसाच्या छातीला पट्टा बांधत होता. छाती फुगली की पट्टा ताणला जाई, आतल्या हवेचा दाब बदले, तो रबरी नळीतून एका पडद्यापर्यंत पोचे आणि पडद्यावर टेकलेली बारीक काडी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढी. काळ्यावर पांढरी, वरखाली होणारी रेघ. हे यंत्र घेऊन तो पुढे पॅरिसजवळच्या झ्वांव्हिल इथल्या लष्करी व्यायामशाळेत गेला. तिथले शिपाई काही महिने सराव केल्यावर धावल्यानंतरही सावकाश आणि खोल श्वास घेऊ लागतात, असं त्याने 1880 साली मांडलं. सरावाचा परिणाम अंगावर बांधलेल्या यंत्राने टिपायचा, हा आजच्या ॲपचा सगळा धंदा त्या रेघेत होता.

पुढची पिढी श्वासाच्या हालचालीपेक्षा त्यातल्या वायूंच्या मागे लागली. 1911 साली डग्लस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने उच्छ्वास साठवायची मोठी पिशवी काढली. 1920च्या दशकात शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल मँचेस्टरमध्ये ती पाठीवर घेऊन, तोंडात नळी धरून, गवतावर स्वतःच गोल गोल धावला. पुढे नोबेल मिळणारा माणूस फुगलेली पिशवी सांभाळत पळतोय, हे दृश्य शेजाऱ्यांना कसं दिसलं असेल! ऑक्सिजन घेण्याची कमाल मर्यादा ही कल्पना त्याच धावण्यातून आली.

झोनचा खरा उगम मात्र मैदानात नाही, हृदयरोग्यांत आहे. 1964 साली कार्लमन वासरमन आणि माल्कम मॅकिलरॉय या संशोधकांना, व्यायाम करताना रुग्णाचं शरीर कुठे कमी पडू लागतं हे रक्त न काढता ओळखायचं होतं. श्रम वाढत गेले की एका टप्प्यावर रक्तात लॅक्टेट साठू लागतं. सोबतचं आम्ल झेलायला रक्तातलं बायकार्बोनेट पुढे होतं, त्यातून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो बाहेर टाकायला श्वास वाढतो. म्हणजे रक्तातली घडामोड उच्छ्वासात वाचता येते. हे पहिलं वळण; त्याच्या वर आणखी एक असतं. तिथे बायकार्बोनेटही पुरत नाही आणि श्वास सुसाट सुटतो. ही दोन वळणं म्हणजे आजच्या तीन झोनच्या सीमा. मराठीत आपण ‘दम लागला’ आणि ‘धाप लागली’ यांत जो फरक करतो, तो साधारण हाच.

मग श्वास मागे का पडला? कारण अगदी साधं. वायू मोजायला मुखवटा, महाग यंत्र आणि प्रयोगशाळा लागते. हृदयाचा विद्युतसंकेत मात्र छातीवर दोन इलेक्ट्रोड ठेवले की मिळतो. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या पोलर कंपनीने तो बिनतारी मनगटावर आणला आणि सगळं जग ठोके मोजू लागलं. त्यात ‘220 उणे वय’ म्हणजे कमाल ठोके, हा ठोकताळा चिकटला. तो निव्वळ सरासरीचा अंदाज. एकाच वयाच्या दोघांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्या हिशेबावर मी चार वर्षं ‘हलकं’ धावत होतो आणि दर रविवारी धापा टाकत घरी येत होतो.

आता पट्टा पुन्हा श्वासाकडे वळलाय, पण त्यालाही वायू दिसत नाहीत. तो फक्त ताण मोजतो, मारेच्या पट्ट्यासारखाच. वळणाचा अंदाज श्वासाच्या एकूण वाढीवरून बांधला जातो. शिवाय छाती आणि पोट वेगवेगळे हलतात, हे कोनो आणि मीड या संशोधकांनी 1967 सालीच दाखवलं होतं. म्हणून मॉन्ट्रियलच्या हेक्सोस्किन बनियनमध्ये छातीला एक आणि पोटाला एक असे दोन पट्टे आहेत. एकाच पट्ट्यावर पोटाने श्वास घेणाऱ्याचा हिशेब कच्चा राहू शकतो.

तरी वयावरून काढलेल्या आकड्यापेक्षा मला ही रेघ जास्त विश्वासाची वाटते. निदान ती आपली स्वतःची असते. पट्टा बांधून झोन काढायला निघालात, तर तेवढा वेळ सोबत्याशी गप्पा मारू नका. बोलण्याने रेघ बिघडते.