आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा

'गॉना मेक यू स्वेट' हे नाव कदाचित तुमच्या ओळखीचं नसेल. पण त्याच्या सुरुवातीलाच येणारी बाईची ती आरोळी तुम्ही जिममध्ये, गॅदरिंगमध्ये किंवा कुणाच्या तरी रीलमध्ये नक्की ऐकली असेल. बसलेल्या माणसाला हुकूम देऊन उठवणारा आवाज आहे तो. 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी' या न्यूयॉर्कच्या डान्स ग्रुपने हे सिंगल १९९० च्या अखेरीस काढलं आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ते बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

ग्रुप म्हणजे मुळात दोन निर्माते, रॉबर्ट क्लिव्हिलेस आणि डेव्हिड कोल. व्हिडिओत झेल्मा डेव्हिस नावाची सडपातळ, देखणी तरुणी ती आरोळी देताना दिसते. ओठ अगदी बरोबर हलतात. आवाज मात्र तिचा नाही, तो मार्था वॉशचा आहे.

मार्था वॉश तेव्हा कुणी नवखी नव्हती. सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सिल्व्हेस्टर या डिस्को गायकाच्या मागे ती आणि इझोरा ऱ्होड्स कोरस गायच्या. दोघी चांगल्या धिप्पाड, म्हणून जोडीचं नाव 'टू टन्स ओ' फन'. पुढे याच दोघी 'द वेदर गर्ल्स' झाल्या आणि १९८२ मध्ये त्यांचं 'इट्स रेनिंग मेन' आलं. इतर गायिकांनी नाकारलेलं हे गाणं आज जगभर लग्नांत वाजतं. म्हणजे गाणारी नावाजलेली होती, आवाज ओळखीचा होता. तरीही आठच वर्षांनी तिचा आवाज दुसऱ्या बाईच्या तोंडी बसवला गेला, आणि कुणाला काही खटकलं नाही.

हे घडलं कसं? पद्धत साधी होती. स्टुडिओत यायचं, डेमो म्हणून गायचं, ठरलेले पैसे घेऊन घरी जायचं. डेमो म्हणजे कच्चं गाणं, पुढे जो कुणी गाईल त्याला चाल कळावी म्हणून केलेलं. वॉशने हे गाणं असंच दुसऱ्या कलाकारांसाठी गायलं होतं. निर्मात्यांनी तो कच्चा आवाजच पक्का म्हणून वापरला. मला सगळ्यात जास्त टोचतं ते सिंगलवरचं श्रेय. तिथे 'फीचरिंग फ्रीडम विल्यम्स' असं स्पष्ट छापलं आहे. रॅप करणाऱ्या पुरुषाचं नाव होतं. गाणं ज्या आवाजावर उभं आहे, त्याचं नव्हतं.

बरं, वॉशच्या बाबतीत हे एकदाच झालं असंही नाही. 'ब्लॅक बॉक्स' हा इटालियन ग्रुप घ्या. १९८९ मध्ये त्यांचं 'राइड ऑन टाइम' ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातला आवाज शिकागोच्या लोलियाटा हॉलोवेचा होता, १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन' या रेकॉर्डवरून सँपलरने कापून घेतलेला. शीर्षकसुद्धा तिचे शब्द चुकीचे ऐकून ठेवलेलं! टीव्हीवर ओठ हलवत होती कॅथरीन क्विनॉल ही फ्रेंच मॉडेल. हॉलोवेने आक्षेप घेतल्यावर तडजोड झाली. मग ब्लॅक बॉक्सने अल्बमसाठी खरी गायिका बोलावली, ती मार्था वॉश. तिने 'एव्हरीबडी एव्हरीबडी', 'स्ट्राइक इट अप' वगैरे सहा गाणी गायली. पडद्यावर पुन्हा क्विनॉलच, आणि श्रेयात वॉशचं नाव नाहीच.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? आपल्याकडे तर मधुबाला ओठ हलवते आणि लता मंगेशकर गातात, यात फसवणूक कुणाला वाटते? प्रश्न रास्त आहे, आणि मला वाटतं उत्तरही तिथेच आहे. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं! हे गाणारी कोण, असं श्रोत्यांनी रेडिओला विचारून विचारून बेजार केलं, तेव्हा लताबाईंचं नाव जाहीर झालं. उसना चेहरा आपल्याला तेव्हाही चालत होता, आजही चालतो. पण कुणाचा आवाज आहे हे लोकांना ठाऊक झालं, आणि पार्श्वगायन हा उजळ माथ्याने करायचा व्यवसाय झाला. कायद्याला मात्र फार वेळ लागला. गाणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर नाव लागण्याचा हक्क भारतीय कॉपीराइट कायद्यात आला तो २०१२ च्या दुरुस्तीने, 'महल'नंतर ६३ वर्षांनी.

अमेरिकेतल्या डान्स संगीतात चेहरा आणि आवाज वेगळे आहेत हेच लपवलेलं होतं. नोव्हेंबर १९९० मध्ये 'मिली व्हॅनिली' प्रकरण फुटलं. निर्माता फ्रँक फारियनने कबूल केलं की पडद्यावरच्या दोघांनी अल्बममध्ये एक ओळही गायलेली नाही. त्यांचं ग्रॅमी परत घेतलं गेलं. (हाच फारियन 'बोनी एम'चा निर्माता. बॉबी फॅरेल नाचायचा, रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज फारियनचा स्वतःचा. आपल्या काका-मामांच्या कॅसेटींतही हीच भानगड होती तर.) मिली व्हॅनिलीच्या दोघांची जगभर टिंगल झाली. पण ज्यांचे आवाज वापरले गेले त्यांचं काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

तो मार्था वॉशने कोर्टात नेला. ब्लॅक बॉक्ससाठी आरसीए कंपनीवर, सी अँड सीसाठी सोनीवर दावे. तिचं म्हणणं सरळ होतं: माझं शरीर तुमच्या व्हिडिओत बसत नाही म्हणून तुम्ही माझा आवाज घेता आणि मला गाळता. एकट्या गायिकेने दोन बलाढ्य कंपन्यांशी भांडायचं म्हणजे पुढचं काम बंद होण्याची तयारी ठेवायची. दावे तडजोडीने मिटले, पण रेकॉर्ड कंपन्या गायकांची नावं छापण्याबाबत सावध झाल्या त्यात या प्रकरणांचा मोठा वाटा मानला जातो.

झेल्मा डेव्हिसला खलनायिका करण्यात मला रस नाही. ती स्वतः गायिका होती. त्याच अल्बममधल्या इतर गाण्यांत तिचाच आवाज आहे. तिला जे सांगितलं गेलं ते तिने केलं, आणि नकली म्हणून बोलणी मात्र तिने खाल्ली. निर्णय घेणारे दोघे व्हिडिओत ओठ हलवत नव्हते.

सोनीबरोबरची तडजोड १९९४ मध्ये झाली. तिचा भाग म्हणून कंपनीने एमटीव्हीला व्हिडिओवर एक ओळ टाकायची विनंती केली: गायन मार्था वॉश, 'व्हिज्युअलायझेशन' झेल्मा डेव्हिस. ओठ हलवण्याला इतका भारदस्त शब्द वकिलांनाच सुचू शकतो.

त्याच वर्षी सी अँड सीने 'डू यू वॉना गेट फंकी' हे नवं सिंगल काढलं. गायला मार्था वॉशच होती, त्याच निर्मात्यांकडे. या वेळी श्रेयात तिचं नाव होतं, आणि व्हिडिओत ती स्वतः होती.