जुन्या संगणकांचा अबोला

घरातल्या जुन्या संगणकांचा एकमेकांशी अबोला फार जुना.

2001 च्या विंडोज एक्सपीतच गोम होती. होम आवृत्तीच्या नेटवर्कगटाचं नाव ‘एमएसहोम’, प्रोफेशनलच्या गटाचं ‘वर्कग्रुप’; केबल ठीक, तरी शेजारचा संगणक यादीत दिसेना. नाव एकच केलं की बहुधा काम भागे. पुढे 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 ने फायरवॉल आपणहून चालू केली, तीही आड येई.

खरा घाव 2017 चा. एसएमबी-1 या फाइल-वाटपाच्या जुन्या प्रोटोकॉलच्या भगदाडातून मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. जूनमध्ये त्याच वाटेचा वापर करणाऱ्या नॉटपेट्या व्हायरसमुळे न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. त्याच वर्षाअखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज 10 मध्ये एसएमबी-1 बंद असतं आणि एक्सपीला तेवढंच येतं, म्हणून एक्सपीवरचं फोल्डर उघडत नाही.

ते चालू करता येतं. पण करू नका, भगदाड पुन्हा उघडेल; जुन्या संगणकातले फोटो पेनड्राइव्हवर घ्या.