वाडा ‘धोकादायक’ कोण ठरवतं? पुण्यातल्या इमारत-पाहणीचा थोडा इतिहास

पावसाळा जवळ आला की पेठांमधल्या जुन्या वाड्यांना पुणे महानगरपालिकेच्या नोटिसा जातात. ‘धोकादायक’ हा शब्द कागदावर येण्याआधी कुणीतरी तो वाडा पाहिलेला असतो. हा पाहणारा नेमकं काय करतो आणि त्याचा अहवाल आपण संशोधक म्हणून कसा वाचायचा, ते आज बघू.

आधी शब्द. आपल्याकडे ‘सर्व्हेअर’ म्हटलं की जमीन मोजणारा आठवतो. तो हद्द सांगतो. इमारतीची तब्येत नाही. लंडनमध्ये १८६८ साली सर्व्हेअरांची संस्था निघाली, १८८१ मध्ये तिला राजसनद मिळाली आणि पुढे तिथे ‘बिल्डिंग सर्व्हेअर’ हा वेगळा व्यवसाय झाला. पुण्यात तसं झालं नाही. १८५४ मध्ये इथे ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं, म्हणजे आजचं सीओईपी. इमारती, धरणं, कालवे, पूल अशा सरकारी कामांसाठी कनिष्ठ अधिकारी तयार करणं हा त्याचा हेतू. भर नवं बांधण्यावर होता. जुनं तपासायचं काम मग इंजिनिअर आणि आर्किटेक्ट यांच्याकडेच राहिलं. आज त्याला आपण ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतो.

आता प्रत्यक्ष काम. वाड्याचं वजन बहुतेक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांवर असतं. मधल्या भिंती विटांच्या, मातीच्या. म्हणून तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी बघायचं, कारण ओल आणि वाळवी तिथे लपते. तडा दिसला तर त्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहायची. पट्टी फुटली तर तडा अजून वाढतोय. काँक्रीटच्या इमारतीत रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा बघतात आणि ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन टाकतात. गुलाबी रंग आला तर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, आतल्या सळईला संरक्षण आहे. रंग आला नाही तर ते संरक्षण गेलेलं असू शकतं.

ओल किती महत्त्वाची, हे पुण्याला १२ जुलै १९६१ ला कळलं. पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि मातीच्या भिंतींची घरं बसली. कोरडी असताना पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिलेली भिंत भिजल्यावर टिकत नाही. म्हणून पाहणी कोणत्या महिन्यात झाली, हीसुद्धा नोंद हवी.

इथपर्यंत विज्ञान झालं. पण अहवालावर माणसांची घरं अवलंबून असतात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी बांधली गेली. पुढे अनेक वाड्यांत भाड्यातून दुरुस्तीचा खर्चही निघेना. महापालिका अधिनियमाचं कलम २६४ कोसळण्याजोग्या इमारतीवर कारवाईचा अधिकार आयुक्तांना देतं. कलम २६५अ नुसार ३० वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी करून घ्यावी लागते. १९९९ च्या भाडे कायद्यात, महापालिकेने पाडण्याचा आदेश दिलेला असेल तर तेही जागा परत मिळवण्याचं एक कारण आहे. त्यामुळे मालकाला ‘पाडा’ हवं असू शकतं, भाडेकरूला ‘दुरुस्त करा’. आणि खरंच धोका असलेला वाडा या वादात तसाच उभा राहिला, तर जीव जातात. दोन इंजिनिअर एकाच तुळईवर दोन मतं देतात तेव्हा एक खोटारडाच असतो असं नाही. एकाने टेकू आणि दुरुस्ती धरून विचार केलेला असतो, दुसऱ्याने न धरता.

म्हणून असा अहवाल हाती आला की मी निष्कर्ष शेवटी वाचते. आधी चार गोष्टी बघते: पाहणी कुणी सांगितली, फी कुणी दिली, किती खोल्या उघडून बघितल्या, आणि काय मोजलं व काय नुसतं डोळ्यांनी पाहिलं. ‘वरचा मजला बंद होता’ असं एक वाक्य कधीकधी बाकीच्या दहा पानांपेक्षा जास्त सांगून जातं. तुमचा विषय इमारतींचा नसला तरी कुठल्याही सरकारी अहवालाला हेच प्रश्न विचारा.