चित्र कोठें गेलें?

घरीं बसून रचलेलें संकेतस्थळ जगापुढें मांडावें, आणि पाहावें तों मजकूर सारा जागच्या जागीं, परंतु चित्रांच्या जागीं नुसत्या रिकाम्या चौकटी, असा अनुभव आज पुष्कळ घरांतून आलेला आहे. गंमत अशी, कीं ज्या संगणकावर तें पान रचलें त्याच्यावर सारीं चित्रें व्यवस्थित दिसत असतात. रचणारा म्हणतो, "माझ्याकडे दिसतें". पाहणारा म्हणतो, "मला दिसत नाहीं". आणि दोघेही खरेंच बोलत असतात. हा प्रकार यंत्राच्या लहरीनें होत नाहीं. त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास ठाऊक झाला म्हणजे हरवलेलें चित्र शोधावें कोठें, हेंही बऱ्याच अंशीं कळतें. तेव्हां श्रोतेहो, आज थोडें मागें जाऊं.

आरंभ आपल्याकडील छापखान्यापासूनच करूं. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं पंचांग छापलें तें शिळाप्रेसवर. शिळाप्रेसमध्यें अक्षर आणि चित्र एकाच दगडावर, एकाच शाईनें उमटे. अशा पानावरून चित्र हरवणें शक्यच नव्हतें. हरवायचें तर दगडासकट सारें पानच हरवावें लागे. पुढें शिशाच्या खिळ्यांची छपाई स्थिरावली. १८६९ सालीं जावजी दादाजी यांनीं निर्णयसागर छापखाना काढला आणि सुबक अक्षराचा कित्ताच घालून दिला. या पद्धतींत अक्षरें एका हाताचीं, चित्र दुसऱ्या हाताचें. जुळारी खिळे जुळवी. चित्राचा ठसा लांकडी ठोकळ्यावर बसवून वेगळा येई. आणि तो चौकटींत घातला म्हणजे पान पुरें होई. पुण्याच्या चित्रशाळेनें १९१० सालीं 'चित्रमयजगत्' काढलें, किंवा दादासाहेब फाळके यांनीं चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना चालविला, तो सारा व्यवहार या वेगळ्या झालेल्या चित्राचाच. ठसा वेळेवर आला नाहीं तर जागा रिकामी राही खरी. पण ती मुद्रकाला छपाईपूर्वींच दिसे, आणि एकदां छापून झालें कीं चित्र त्या कागदाचें कायमचें होऊन जाई. 'चित्रमयजगत्'चा जुना अंक आज उघडला तर त्यांतील चित्र आणण्यासाठीं कोणाला चित्रशाळेंत धांवावें लागत नाहीं.

संकेतस्थळाच्या पानासाठीं मात्र धांवावेंच लागतें, आणि तेंही दर वाचनाच्या वेळीं. त्या पानांत सामान्यतः चित्र नसतेंच. असतो तो चित्राचा पत्ता. वाचकाचा ब्राउझर प्रथम मजकूर आणतो, त्यांतले पत्ते वाचतो, आणि एकेका पत्त्यावर जाऊन अमुक नांवाचें चित्र द्या अशी मागणी करतो. तेथें त्या नांवाचें कांहीं नसेल तर ४०४ हा आंकडा उत्तरादाखल येतो आणि पानावर मोडक्या चित्राची खूण उमटते.

ही रीत ठरली १९९३ सालीं. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें ज्या जाळ्याची कल्पना मांडली, तें आरंभीं शास्त्रज्ञांच्या टिपणांचें जाळें होतें; मजकुराच्या ओघांत चित्र दाखविण्याची सर्वमान्य सोय त्यांत नव्हती. २५ फेब्रुवारी १९९३ रोजीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत काम करणाऱ्या मार्क अँड्रीसन या तरुणानें, या विषयांतील मंडळींच्या पत्रव्यवहारांत, 'आयएमजी' नांवाची एक नवी खूण सुचविली. तिच्यांत फक्त चित्राचा पत्ता द्यावयाचा. चर्चा पुष्कळ झाली. स्वतः बर्नर्स-ली यांनीं निराळी रीत सुचविली; कोणी म्हणालें, चित्रापुरतेंच कां, इतर माध्यमांचीही सोय हवी. परंतु अँड्रीसन व त्याचे सहकारी यांनीं आपल्या 'मोझेक' ब्राउझरमध्यें ही खूण घालून तो लोकांच्या हातीं दिला, आणि वाद तेथेंच मिटला. चालतें यंत्र ज्याच्या हातीं, तो वादांत नेहमींच वरचढ! तरी एवढें खरें, कीं बर्नर्स-ली यांच्या रीतींतही चित्र पानाबाहेरच राहणार होतें. त्या काळच्या तारा मंद होत्या. ज्याला चित्र नको त्यानें तें न आणतां मजकूर वाचावा, यांत शहाणपणच होतें.

या शहाणपणाचा प्रत्यय आपल्या देशास लवकरच आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. त्याच्या जोडण्या दोन प्रकारच्या होत्या. महाग जोडणींत चित्रें दिसत. स्वस्त, विशेषतः विद्यार्थ्यांसाठीं असलेल्या 'शेल' जोडणींत केवळ अक्षरें, आणि चित्राच्या जागीं फार तर कंसांतला एखादा शब्द. म्हणजे मुंबईसारख्या शहरांत पुष्कळांनीं हें जाळें प्रथम पाहिलें तें चित्रांवांचूनच.

मराठीचा प्रश्न याहून बिकट होता. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व तींत देवनागरी होती. पण घरोघरच्या संगणकांना ती समजूं लागण्यास सुमारें दहा वर्षें जावीं लागलीं. मधल्या काळांत कोणी आपापल्या फाँटवर पान रचीत, आणि ज्याच्याजवळ तो फाँट नसे त्याला रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसे. कोणी यावर तोड म्हणून मराठी मजकुराचेंच चित्र काढून तें पानावर ठेवीत. हा शिळाप्रेसचाच न्याय झाला, पण येथें शिळा पानाबाहेर राहिलेली! पत्ता चुकला कीं मजकुरासकट सारें गडप.

आतां पत्ता चुकतो कसा, तें पाहूं. सर्वांत फसवी गोष्ट इंग्रजी लिपींतील मोठ्या व लहान अक्षरांची. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मलेली युनिक्स ही यंत्रणा मोठें अक्षर आणि लहान अक्षर हीं दोन निरनिराळीं मानते. १९८१ च्या एमएस-डॉसनें नांवें सरसकट मोठ्या अक्षरांत ठेविलीं, तींही आठ अक्षरें आणि पुढें तिनांचें शेपूट एवढ्या मापांत. १९९५ च्या विंडोजनें लांब नांवें व लहान अक्षरें जपलीं, तरी शोधतांना भेद मानला नाहीं. घरचा संगणक बहुधा विंडोजचा. पानें जेथें ठेवावयाचीं तो सर्व्हर बहुधा युनिक्सचा किंवा त्याच्याच वळणाच्या लिनक्सचा. त्यांत १९९८ च्या सुमारास डिजिटल कॅमेऱ्यांसाठीं जो नियम ठरला त्यानें चित्रांचीं नांवें मोठ्याच अक्षरांत देण्याचा पायंडा पाडला. कॅमेरा नांव देतो मोठ्या अक्षरांत, पान रचणारा लिहितो लहान अक्षरांत. घरीं चालतें, सर्व्हरवर चालत नाहीं. आपल्या लिपींत हा मोठ्या-लहानाचा भेदच नाहीं, म्हणून तो आपल्या लक्षांत लवकर येत नाहीं. मी मुलांना एवढेंच सांगत असें, कीं 'दिन' आणि 'दीन' यांत जो भेद आहे तोच तेथें समजा. युनिक्स हा ऱ्हस्व-दीर्घाचा गुण कापणारा परीक्षक आहे.

दुसरा दोष सी ड्राइव्हपासून सुरू होणाऱ्या पत्त्याचा. पाकिटावर "आमच्या देवघरालगतच्या खोलींत" असा पत्ता लिहावा, तसा तो प्रकार. घरच्या माणसाला तो पुरतो, टपालवाल्याला नाहीं. पान पाठविलें पण चित्रांचा फोल्डर पाठवायचा राहिला, नांवांत मोकळी जागा पडली, शेपटाच्या तीन-चार अक्षरांत चूक झाली, हें सारें त्यांतलेंच. चित्राचा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टींत स्वतंत्र उघडून, अक्षरशः वाचून पाहिला, तर यांतलें बहुतेक उघडकीस येतें.

पत्ता बरोबर, फाइल जागेवर, तरीही चित्र फुटकें, असाही एक प्रकार होता. कानपूरच्या आयआयटींत शिकून अमेरिकेंतील एमआयटींत गेलेले अभय भूषण यांनीं एप्रिल १९७१ मध्यें एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठविण्याच्या नियमांचा मसुदा लिहिला. एफटीपीचें मूळ तें हेंच. तिच्यांत पुढें दोन मार्ग मुख्य झाले, एक मजकुराचा व दुसरा जशाच्या तशा प्रतीचा. वेगवेगळे संगणक ओळीचा शेवट वेगवेगळ्या खुणांनीं दाखवितात. म्हणून मजकुराच्या मार्गानें जातांना त्या खुणा वाटेंतच बदलल्या जातात. लेखाला हें उपकारक, चित्राला मारक. चित्राच्या आंकड्यांत योगायोगानें तशी खूण आली कीं तीही बदलते आणि चित्र फाटतें. १९९६ सालीं पीएनजी हा चित्रप्रकार सिद्ध करणाऱ्यांनीं यावर मोठी युक्ति केली. प्रत्येक फाइलच्या पहिल्या आठ बाइटांतच त्यांनीं ओळीच्या शेवटाच्या दोन्ही तऱ्हेच्या खुणा मुद्दाम घातल्या, कीं वाटेंत कोणी त्या बदलल्या तर फाइल उघडतांच कळावें. पाकिटावरच्या लाखेच्या मोहोरेसारखेंच हें.

हे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत. एक मात्र तसा नाहीं. पत्ता बरोबर, पण त्या पत्त्यावरचें घरच पाडलेलें! १९९४ सालीं निघालेल्या जिओसिटीजवर जगभरच्या लोकांनीं फुकट जागा घेऊन घरगुती पानें मांडलीं. याहूनें ती १९९९ मध्यें विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजीं बंद केली. कांहीं स्वयंसेवकांनीं धांवपळ करून पुष्कळशीं पानें वांचविलीं. २०१७ सालीं फोटोबकेट या चित्रें सांभाळणाऱ्या कंपनीनें, दुसऱ्यांच्या पानावर चित्र दाखविण्यासाठीं वर्षाला ३९९ डॉलर मागितले, आणि असंख्य पानांवरील चित्रें एका रात्रींत दिसेनाशीं झालीं. पानें ज्याचीं त्याच्याजवळ होतीं. ठसे परक्याच्या कपाटांत होते.

आमचें जवळा बाजार हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथच्या तालुक्यांत. आमच्याकडील कांहीं तरुणांनीं गांवाच्या जुन्या छायाचित्रांचें एक संकेतस्थळ घरींच रचलें. मजकुराचें शुद्धलेखन तपासण्यापुरता मी त्यांत होतों. स्थळ खुलें झालें त्या दिवशीं चार चित्रें दिसेनात. "गुरुजी, आमच्याकडे तर दिसतात," म्हणून पोरें हटून बसलीं. बाजारांतल्या बैलगाड्यांचीं दोन चित्रें मोठ्या अक्षरांपायीं अडलीं होतीं, औंढ्याच्या देवळाचें एक सी ड्राइव्हच्या पत्त्यापायीं. तीं तासाभरांत लागलीं. चौथें होतें १९४८ सालीं निजामी राजवट संपली त्या सुमाराचें, गांवांतल्या नऊ माणसांचें. त्याचा पत्ता तपासला तर तो एका मुलाच्या मोबाइलचा निघाला. तो मोबाइल वर्षापूर्वींच निकामी होऊन टाकून दिलेला. मूळ छायाचित्र ज्या घरचें होतें तेथें विचारलें. भिंतीला ओल आली त्या पावसाळ्यांत तें वाळवीनें खाल्लें होतें.

१९९५ च्या एचटीएमएल नियमांत चित्राच्या खुणेबरोबर थोडा मजकूर लिहिण्याचीही सोय आहे. चित्र आलें नाहीं तर तो दिसावा, किंवा दृष्टिहीनास वाचून दाखविला जावा, यासाठीं ती. पान रचणाऱ्या मुलीनें तेथें डावीकडून उजवीकडे नऊही जणांचीं नांवें, त्या घरच्या म्हाताऱ्या आजींना विचारून, लिहून ठेविलीं होतीं. त्या आजी आतां नाहींत. चौकट तशीच ठेवली आहे, आंत तीं नांवें दिसतात, आणि त्या नऊ जणांच्या नातेवाइकांकडे, कोणी परभणीस, कोणी हैदराबादेस, कोणी पुण्यास, त्याच छायाचित्राची दुसरी प्रत आहे काय, अशी पत्रें गेलीं आहेत.