लिलावाचे पान हे कलामाध्यम : २००१ मधील एक प्रयोग आणि त्याची साधने

इ. स. २००१ च्या ऑगस्ट महिन्यात कीथ ओबाडीके या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताने ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर स्वतःचे ‘काळेपण’ विक्रीस काढले. लिलाव दहा दिवस चालावयाचा होता. चार दिवसांनी कंपनीने तो अनुचित ठरवून बंद केला. तोपर्यंत बारा बोली लागून दहा डॉलरपासून सुरू झालेली किंमत १५२ डॉलर ५० सेंटपर्यंत चढली होती. ‘ब्लॅकनेस फॉर सेल’ या नावाने ही कृती पुढे प्रसिद्ध झाली. ती निव्वळ चतुर थट्टा मानून पुढे जाणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तिने एक निराळाच प्रश्न घातला आहे. ज्या कलाकृतीचे माध्यम परक्या व्यापाऱ्याचे पान हेच आहे, ते पान व्यापाऱ्याने पुसून टाकल्यावर तिचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा?

परक्या पानाचा आश्रय घेणे ही गोष्ट संकल्पनाकलेस नवी नव्हे. १९६० नंतरच्या दशकात वस्तूपेक्षा कल्पनेस प्राधान्य देणारी कला अमेरिकेत व युरोपात रुजली, तेव्हाच डॅन ग्रेअम याने नियतकालिकाचे पान हे कलादालनाच्या भिंतीऐवजी वापरले होते. १९६५ मध्ये त्याने रचलेली एक कृती म्हणजे दुकानातील खरेदीची पावती. ती १९६८ च्या मार्चमध्ये ‘हार्पर्स बझार’ या स्त्रियांच्या मासिकात जाहिरातींच्या शेजारी छापली गेली. त्याही आधी, १९५९ पासून, ईव्ह क्लाइन हा फ्रेंच कलावंत सोन्याच्या मोबदल्यात ‘अमूर्त’ अवकाशाचे भाग विकीत असे. ग्राहकाने पावती जाळली, तर तो निम्मे सोने सेन नदीत टाकी. अर्थात जे हाती धरता येत नाही ते विकणे आणि बाजाराचा कागद हेच चित्र मानणे, हे दोन्ही धागे ओबाडीकेपूर्वीच तयार होते. ग्रेअमच्या पावतीस मात्र कोणी उत्तर देऊ शकत नव्हते. ईबेवरील पानास बोली लागत होती.

महाजालावरील कलेचा पहिला बहर १९९० नंतरच्या दशकातला. त्यातील कलावंत बहुधा स्वतःचे संकेतस्थळ उभारीत. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी लंडनच्या टेट या संस्थेसाठी २००३ मध्ये केलेले ‘ब्लेस्ड बँडविड्थ’ हे या पद्धतीचे, आणि महाराष्ट्राशी थेट संबंध असलेले, उदाहरण होय. स्वतःच्या जागेत कलावंत हा यजमान असतो. ईबेवर तो केवळ विक्रेता. तेथे वर्गीकरण, अटी आणि अंतिम निर्णय ही सर्व दुसऱ्याची. आयोवा विद्यापीठातील जॉन फ्रेअर या विद्यार्थ्याने २००० पासून आपल्या घरातील वस्तू एकामागून एक ईबेवर विकल्या आणि त्यांचे पुढे काय झाले ते ग्राहकांना कळवावयास सांगितले. २००१ मध्ये तो स्वतःच आपल्या विकलेल्या वस्तूंच्या भेटीस निघाला. प्रयोग गमतीचा होता, आणि त्यात बाजार कलावंतास अनुकूलच राहिला. बाजाराने त्यास हाकलले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या कृतीत उद्भवतच नाही.

तो प्रश्न ओबाडीकेच्या पानाने उभा केला. मराठीत ‘काळेपण’ म्हटले की त्वचेचा वर्ण तेवढा ध्यानात येतो. मूळ इंग्रजी शब्दात एका समाजाचा इतिहास, त्याची संस्कृती व कायद्यापुढील त्याचे स्थान यांचाही समावेश होतो, आणि विक्रीस काढले होते ते हे सर्व. पानावर वस्तूचे छायाचित्र नव्हते. वस्तूची नोंद वारसाहक्काने आलेली चीज म्हणून केलेली होती, आणि खाली विक्रेत्याच्या नेहमीच्या कोरड्या भाषेत तिचे उपयोग व सावधगिरीच्या सूचना दिल्या होत्या. तिचा उपयोग कृष्णवर्णीयांवर विनोद करण्यासाठी होऊ शकेल. मात्र न्यायालयीन कामात, नोकरी शोधताना, तसेच अमेरिकेत किंवा फ्लॉरिडात मतदान करताना ती वापरू नये, असा विक्रेत्याचा सल्ला होता. फ्लॉरिडाचा हा उल्लेख आज टीपेविना कळणे कठीण. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्या राज्यात कृष्णवर्णीय मतदारांच्या मतपत्रिका मोठ्या प्रमाणात बाद झाल्या होत्या, आणि नागरी हक्क आयोगाचा अहवाल लिलावाच्या दोनच महिने आधी आलेला होता. औषधाच्या बाटलीवरील सूचनेच्या घाटात बसविलेले हे एक वाक्य म्हणजे त्या वर्षीच्या राजकारणाचा पुरावाच म्हणावयास हवा.

परंतु सर्वांत बोलकी गोष्ट कलावंताने लिहिलेलीच नव्हती. ईबेच्या संग्राह्य वस्तूंमध्ये ‘ब्लॅक अमेरिकाना’ असा एक विभाग अगोदरपासून होता. कृष्णवर्णीयांची विद्रूप चित्रे असलेल्या बरण्या, बाहुल्या, जाहिरातीचे पत्रे अशा वस्तूंची खरेदी-विक्री तेथे चाले. ओबाडीकेने आपली नोंद याच विभागात केली. ज्या देशात १८६५ पर्यंत माणसांचे लिलाव कायदेशीर होते आणि त्यांच्या जाहिराती वृत्तपत्रांतून छापून येत, त्या देशात लिलावाचा हा नवा मंच घरोघरी पोहोचला होता. कोको फुस्को या कलावंत-लेखिकेला दिलेल्या मुलाखतीत ओबाडीकेने या नव्या जगाच्या भाषेतील वसाहतवादी छटेकडे लक्ष वेधले आहे. महाजालात शिरण्याच्या साधनांची नावेच मुळी ‘एक्सप्लोरर’ व ‘नॅव्हिगेटर’, म्हणजे शोधक आणि नाविक! सारांश, येथे विभागाचे नाव, बोलीची रीत व अटींचा मसुदा हे कृतीचे खरे द्रव्य होते. ते कलावंताने निर्मिले नाही. त्याने ते फक्त बोलते केले.

कंपनीने नोंद काढून टाकली, ही घटना म्हणूनच कृतीबाहेरची मानता येत नाही. विद्रूप बाहुल्यांचा विभाग चालू राहिला आणि त्यात ठेवलेले एक व्यंग्यलेखन तेवढे अनुचित ठरले. कंपनीचा निर्णय नियमांच्या यांत्रिक अंमलातून आला की विचारपूर्वक, यावर कृतीचा अर्थ फारसा अवलंबून नाही. ओबाडीकेला बंदी अपेक्षित होती काय, या चर्चेतही विशेष तथ्य नाही.

साधनांची स्थिती मात्र नाजूक आहे. मूळ पान चार दिवसच जगले. अभ्यासक आज जे पाहतात ती कलावंताने राखलेली प्रत होय, आणि तीही ट्रायपॉड या फुकट जागा देणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या आश्रयास होती. तीत आकडे आहेत, मजकूर आहे. बोली लावणारे कोण होते आणि कोणत्या हेतूने पुढे आले, याचा पत्ता नाही. अर्धी कृती ज्यांनी घडविली ते बारा बोलींच्या आकड्यामागे लुप्त झाले आहेत. कलावंताची प्रत ही त्याचीच साक्ष होय. दफ्तरातील अस्सल कागदाचे प्रामाण्य तिला देता येणार नाही.

पुढील कलावंतांनी ही अडचण ओळखलेली दिसते. केलेब लार्सनने २००९ मध्ये एक काळा ठोकळा तयार केला. महाजालास जोडलेला हा ठोकळा दर दहा मिनिटांनी आपण ईबेवर विक्रीस आहोत की नाही हे तपासतो आणि नसल्यास स्वतःच नवा लिलाव मांडतो. ईबेच्या पानाचे काही झाले तरी येथे हाती एक वस्तू उरते. अमालिया उल्मान या कलावतीने २०१४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये इन्स्टाग्रामवर लॉस एंजेलिसमध्ये आलेल्या एका तरुणीचे आयुष्य छायाचित्रांतून रंगविले. ते संहितेनुसार रचलेले आहे, हे अनुयायांना शेवटी कळले. ‘एक्सलन्सेस अँड परफेक्शन्स’ ही ती कृती. न्यूयॉर्कच्या ऱ्हायझोम या संस्थेने त्याच वर्षी त्या पानांची नोंद घेतली. केवळ चित्रे न उतरविता, पाने जशी हाताळली जात तशी ती हाताळता येतील अशा रीतीने. त्या नोंदीत चित्रांखालचे लोकांचे अभिप्राय, स्तुती आणि हेटाळणी, जशीच्या तशी राहिली आहे. ओबाडीकेच्या बारा बोलींबाबत असे काही उरलेले नाही.