कर्जरोख्याची दुसरी प्रत : वर्धा जिल्ह्यांतील देण्याघेण्याचे कागद

जुन्या दप्तरांत कर्जरोखे विपुल सांपडतात. परंतु ते बहुधा सावकाराच्या घरचे असतात, कुळाच्या घरीं असा कागद क्वचितच मिळतो. कर्जव्यवहारांतील लबाडीचें मूळ ह्या विषमतेंतच आहे, असें आम्हांस वाटतें.

वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपुरापासून वेगळा झाला. त्याच दशकांत मालगुजारांस जमिनीची मालकी मिळाली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) कापसाचे भाव चढले. १८६७ सालीं लोहमार्ग वर्ध्यावरून नागपुरास पोंचला. जमिनीस किंमत येतांच ती तारण मागणारेही पुढें आले.

त्या काळच्या रोख्यांची रीत देशावरील दंग्यांच्या चौकशींत उघड झाली. मजकूर धनकोच्या बाजूनें लिहिला जाई. निरक्षर कुळ नांगराची निशाणी करी. लिहिलेल्या रकमेंतून मनोती आधींच कापली जाई. भरण्याची पावती मिळत नसे, आणि थकलेलें व्याज मुदलांत मिळवून नवें खत करून घेतलें जाई. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें उठलेल्या कुळांनीं धनापेक्षां खतांवरच हात टाकला व तीं जाळलीं, ह्याचें कारण हेंच होय.

१८७९ च्या कायद्यानें खतामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. परंतु तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांपुरताच होता. वर्धा मध्यप्रांतांत असल्यानें त्याबाहेर राहिला. पुढें ५५ वर्षांनीं, १९३४ सालीं, मध्यप्रांताचा सावकारी कायदा झाला. प्रत्येक ऋणकोचा हिशेब नियमित ठेवणें, दरवर्षीं सहीचा उतारा त्यास देणें, हें सावकाराचें कर्तव्य ठरलें. कसूर आढळल्यास न्यायालयास व्याज नामंजूर करतां येई. कुळाच्या घरीं दुसरी प्रत आली ती अशी.

हा प्रश्न अद्याप जुना झालेला नाहीं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा आहे. फोनवरून झटपट कर्ज देणारे शुल्क म्हणून रक्कम आधींच कापूं लागले, तेव्हां ती जुनी मनोतीच नव्या वेषांत आली. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं ठरविलें कीं, सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखविणारें विवरणपत्र करारापूर्वीं ऋणकोच्या हातीं द्यावें, व पैसा थेट त्याच्याच खात्यांत जमा व्हावा. कर्ज हातीं येण्यापूर्वींच पैसे मागणारा, किंवा कोऱ्या कागदावर सही मागणारा, दुसरी प्रत टाळूं पाहतो, हें ओळखावें.

संग्राहकांस एवढीच विनंती कीं, रोख्यांतील आंकडा हा दिलेल्या पैशाचा पुरावा मानूं नये. पाठीवरील भरणा वाचावा, आणि शेतकऱ्याच्या घरची पावती, फारखती, फाडलेलें खत हीं रद्दी समजून टाकूं नयेत. कुळाची साक्ष तेवढीच उरली आहे.