परक्या देशात फोनची ओळख कशी पटते?

परदेशी शिकायला निघालेले विद्यार्थी हल्ली तिकडच्या इंटरनेटची सोय घरूनच करून ठेवतात. एखाद्या कंपनीकडे पैसे भरायचे, तिने पाठवलेली क्यूआर आकृती फोनला दाखवायची, की फोनमध्ये दुसरे 'सिम' तयार! हातात मात्र काहीच येत नाही. मग फोनमध्ये आले ते नेमके काय? हे समजून घेण्यासाठी १९८०च्या दशकातल्या युरोपात जावे लागेल.

त्या काळी मोटारीत बसवलेले फोन युरोपात होते, पण ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी यांच्या यंत्रणा एकमेकींशी जुळत नसत. सरहद्द ओलांडली की फोन मुका. १९८२ मध्ये युरोपीय टपाल व तारखात्यांच्या परिषदेने सामाईक यंत्रणेसाठी एक गट नेमला आणि ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे १३ देशांनी करारावर सह्या केल्या. हीच 'जीएसएम' यंत्रणा.

तिच्या रचनाकारांनी एक दूरदृष्टीचा निर्णय घेतला: ग्राहकाची ओळख फोनमध्ये न ठेवता वेगळ्या कार्डात ठेवायची. अमेरिकेतल्या जुन्या यंत्रणेत फोन आपले क्रमांक हवेतून उघडपणे पाठवत असे. रस्त्याकडेला यंत्र लावून भामटे ते टिपत, दुसऱ्या फोनमध्ये भरत आणि बिल मूळ मालकाला येई. कार्डाने हे कसे टाळले?

प्रत्येक सिममध्ये दोन गोष्टी असतात. एक म्हणजे बहुधा १५ अंकी ओळख क्रमांक. त्याचे पहिले ३ अंक देश सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५, फिनलंडचे २४४. दुसरी म्हणजे १२८ बिटांची गुप्त किल्ली. अशा किल्ल्या किती संभवतात? सुमारे ३४ वर ३७ शून्ये इतक्या! किल्लीची एक प्रत कार्डात, दुसरी ग्राहकाच्या कंपनीकडे. ती हवेतून कधीच जात नाही. कंपनी एक यादृच्छिक संख्या 'प्रश्न' म्हणून पाठवते, कार्ड तिच्यावर आणि किल्लीवर गणित करून फक्त 'उत्तर' परत पाठवते.

हे वर्गात करून पाहता येईल. गुपित ३७ आहे आणि नियम असा, की प्रश्नाने गुणून शेवटचे दोन अंक सांगायचे. प्रश्न ४६, तर गुणाकार १७०२ आणि उत्तर ०२. ऐकणाऱ्याला एवढ्यावरून गुपित नक्की करता येत नाही. पण एखाद्या चतुर मुलाने प्रश्न म्हणून १ दिला, तर उत्तर ३७, म्हणजे गुपितच बाहेर! नेमके असेच काहीसे पुढे घडले. अनेक कंपन्या वापरत असलेली गणितपद्धती गुप्त ठेवलेली होती. १९९८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले, की कार्ड हाती आले तर निवडक सुमारे दीड लाख प्रश्न विचारून काही तासांत किल्ली काढता येते. पद्धत सर्वांना ठाऊक असावी, गुपित फक्त किल्लीत असावे, हे तत्त्व केरखॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच मांडले होते. ते पाळले असते, तर ही उणीव आधीच कुणाच्या तरी नजरेस आली असती, असे मला वाटते.

म्यूनिकच्या गिझेके उंड डेव्हरिएंट या कंपनीने १९९१ मध्ये पहिली ३०० सिमकार्डे फिनलंडच्या रेडिओलिंया कंपनीला दिली. १ जुलै १९९१ रोजी माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी जीएसएमवरचा पहिला फोन केला. पुढच्याच वर्षी टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात पहिला रोमिंग करार झाला.

आता खरा पेच पाहा. फिनलंडचा प्रवासी लंडनमध्ये उतरला. तिथल्या कंपनीकडे त्याची किल्ली नाही, आणि परक्याला ती देणे धोक्याचे. यावरची युक्ती शिक्षकांना ओळखीची वाटेल. विषय न जाणणारा पर्यवेक्षकही उत्तरसूची असेल तर पेपर तपासू शकतो! लंडनची कंपनी २४४ हे अंक पाहून फिनलंडला विचारते. तिकडून तयार प्रश्न, त्याचे अपेक्षित उत्तर आणि संभाषण सांकेतिक करण्यासाठी तात्पुरती किल्ली येते. उत्तर जुळले की प्रवाशाला प्रवेश. मूळ किल्ली घरीच राहते. एक त्रुटी होती: कंपनी फोनला पारखे, फोन कंपनीला पारखत नसे, त्यामुळे खोटा मनोरा उभारून फसवता येई. तिसऱ्या पिढीत दोघेही एकमेकांना पारखू लागले.

रोमिंग सुरक्षित होते, पण महाग. युरोपीय संघाने २००७ पासून दरांवर मर्यादा घातली आणि १५ जून २०१७ पासून संघापुरता अधिभार बंद केला. इतरत्र जाणारे प्रवासी तिथलेच सिम विकत घेत.

दरम्यान कार्ड आकसत होते. बँकेच्या कार्डाएवढे सिम २०१२ पर्यंत १२.३ × ८.८ मिलिमीटरवर आले. मोटारी, वीजमीटर यांतले सिम बदलायला कोण जाणार? म्हणून चिप यंत्रातच पक्की बसवून तिच्यातली माहिती दुरून बदलण्याची पद्धत निघाली. २०१६ मध्ये सामान्य ग्राहकांच्या उपकरणांसाठी तिचे मानक आले. हेच ई-सिम.

क्यूआर आकृतीत किल्ली नसते. असतो फक्त सर्व्हरचा पत्ता आणि एक संकेत. सर्व्हर आणि चिप एकमेकांची प्रमाणपत्रे तपासतात, मगच ओळख क्रमांक व किल्ली त्या चिपपुरती कुलूपबंद होऊन उतरते. त्यामुळे वापरलेली आकृती मित्राला देऊन सहसा उपयोग होत नाही.

आता प्रवासी ई-सिमकडे. ते विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांचा स्वतःचा एकही मनोरा नसतो. त्या कुठल्यातरी तिसऱ्याच देशातल्या कंपनीचे ओळख क्रमांक विकतात. म्हणजे गंमत अशी, की रोमिंग टाळायला घेतलेले हे सिमही बहुधा रोमिंगच करते. फक्त त्याचे 'घर' बदललेले असते. आपण कोणत्या देशात, कोणत्या जाळ्यावर आहोत हे त्या घराला कळते, आणि पुष्कळदा आपली माहिती तिथूनच किंवा आणखी एखाद्या देशातून इंटरनेटवर बाहेर पडते. म्हणून घेण्यापूर्वी दराबरोबर दोन प्रश्न विचारावेत: ओळख क्रमांक कोणत्या कंपनीचा, आणि माहिती कोणत्या देशातून बाहेर पडते? विक्रेते हे ठळकपणे क्वचितच सांगतात. तोक्योत बसलेल्या आपल्या विद्यार्थ्याला एखादे संकेतस्थळ भलत्याच देशाच्या चलनात किमती दाखवू लागले, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच चलनात सापडेल.